विहिरीला कार्ड मिळते, मग जहाजाला का नाही?

प्रति,
माननीय केंद्रीय बंदरे, जहाजवाहतूक व जलमार्ग मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली



३० सप्टेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरातून आपल्या खात्याने ‘क्रूझ भारत मिशन’ सुरू केले. २०२९ पर्यंत समुद्री क्रूझचे प्रवासी दहा लाखांवर न्यायचे, दहा सागरी टर्मिनल उभारायची, असा त्यातला बेत आहे. बॅलार्ड पिअरला नवे आंतरराष्ट्रीय टर्मिनल उभेही राहिले. आम्हा कोकणातल्या जहाजींना याचा आनंदच आहे. आमच्या वेळी क्रूझवर नोकरी म्हणजे आधी एजंटाचे उंबरे झिजवायचे आणि मग मायामीपर्यंत विमानात कुढत बसायचे. पुढच्या पोरांना मुंबईतच जहाज गाठता आले तर कोणाला नको आहे?

मी हाऊसकीपिंगचा माणूस. परदेशी कंपन्यांच्या जहाजांवर केबिन स्टुअर्ड म्हणून लागलो, सुपरवायझर होऊन वेंगुर्ल्याला परतलो. जहाजावर कोणाला उलटी झाली की डॉक्टरच्या आधी आमच्या माणसाला निरोप जातो, कारण पाहुण्याच्या नाडीआधी गालिचा सांभाळायचा असतो. बर्थ, जेट्टी, व्हिसा, सवलती यांबद्दल आपल्याला सल्ला देणारे पुष्कळ असतील. उलट्या-जुलाबांबद्दल लिहिणारा कोणी नसेल, म्हणून हे पत्र.

जानेवारी २०१४ मध्ये रॉयल कॅरिबियन कंपनीचे ‘एक्सप्लोरर ऑफ द सीज’ हे जहाज न्यू जर्सीहून दहा दिवसांच्या कॅरिबियन सफरीला निघाले. जहाजावर तीन हजारांवर प्रवासी. त्यांतले सहाशेवर प्रवासी आणि पन्नासवर कर्मचारी आजारी पडले, आणि सफर दोन दिवस आधी गुंडाळून जहाज माघारी फिरले. २०१९ च्या जानेवारीत त्याच कंपनीच्या ‘ओएसिस ऑफ द सीज’वर तीच पाळी आली, कंपनीने सगळ्यांचे भाडे परत केले. मार्च २०२५ मध्ये तर ‘क्वीन मेरी २’ या खानदानी जहाजावर दोनशेवर प्रवासी ओकत होते. आरोपी तिन्ही ठिकाणी एकच, नोरोव्हायरस. १९६८ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात नॉरवॉक गावच्या एका शाळेत साथ आली होती. तिथल्या रुग्णाच्या नमुन्यातून १९७२ मध्ये हा विषाणू पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली दिसला, आणि गावाचे नाव त्याला कायमचे चिकटले.

अशा बातम्या दर हिवाळ्यात येतात आणि क्रूझ म्हणजे घाण, असा लोकांचा ग्रह होतो. आमच्या गावातही झाला आहे. लग्नाच्या बोलणीत मुलगा क्रूझवर आहे म्हटल्यावर मुलीच्या मामाने पहिला प्रश्न याच आजाराबद्दल विचारल्याचे मी ऐकले आहे. पण वस्तुस्थिती वेगळी आहे. अमेरिकेत नोंदल्या जाणाऱ्या नोरोव्हायरसच्या साथींपैकी जहाजांवरच्या साथी सुमारे एक टक्का. बहुतेक साथी रुग्णालयांत आणि वृद्धाश्रमांत होतात, काही शाळांत, काही हॉटेलांत. मग नाव जहाजाचेच का निघते? कारण जहाजावर मोजणी होते.

अमेरिकेचे रोग नियंत्रण केंद्र, म्हणजे सीडीसी, यांचा जहाज-स्वच्छतेचा कार्यक्रम १९७५ पासून चालू आहे. परदेशी बंदर करून अमेरिकेत येणाऱ्या प्रवासी जहाजाने बंदराला लागण्यापूर्वी आजारी माणसांची संख्या कळवायची. आजारी म्हणजे कोण, याचीही व्याख्या ठरलेली: चोवीस तासांत तीन किंवा अधिक पातळ जुलाब, किंवा उलटी आणि जोडीला ताप, पोटदुखी यांसारखे एखादे लक्षण. प्रवाशांचे किंवा कर्मचाऱ्यांचे प्रमाण दोन टक्क्यांवर गेले की वेगळा अहवाल. तीन टक्के झाले की जहाजाचे नाव, सफरीच्या तारखा, आजाऱ्यांची संख्या आणि रोगजंतू, सगळे जगाला वाचायला खुले. शिवाय अधिकारी न सांगता येतात आणि तपासणी शंभर गुणांची असते. ८५ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे नापास. हे गुणही जाहीर होतात. एखाद्या जहाजाच्या भटारखान्यात भांडी धुण्याच्या यंत्राखाली चिलटे सापडली तर तेही त्यात लिहिलेले असते, आणि तिकीट काढणारी आजी ते वाचते.

एवढी लाज चारचौघांत मांडून जहाजांचा धंदा बुडाला का? उलट झाले. २००६ मध्ये एक लाख प्रवासी-दिवसांमागे प्रवाशांत या आजाराचे ३२.५ रुग्ण होते, ते २०१९ मध्ये १६.९ झाले. कर्मचाऱ्यांत १३.५ वरून ५.२. या काळात जहाजे वाढली, त्यांचा आकार वाढला, आणि दर निम्म्यावर आला.

हे ऐकून आपल्या खात्यातला एखादा अधिकारी म्हणेल, अमेरिकेचे कौतुक पुरे, आपल्याकडे असे कुठे चालते. चालते, साहेब. माझ्या तालुक्यातल्या ग्रामपंचायतींत चालते. महाराष्ट्राचा आरोग्य विभाग वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, गावाच्या पाण्याच्या स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण करतो. विहिरीभोवती डबकी आहेत का, पाइप फुटला आहे का, पाणी शुद्ध करायच्या टीसीएल पावडरचा साठा आहे का, हे पाहून ग्रामपंचायतीला कार्ड देतो. लाल म्हणजे धोका, पिवळे म्हणजे मध्यम, हिरवे म्हणजे ठीक. सलग पाच वर्षे कारभार नीट राहिला तर चंदेरी. लाल कार्ड मिळाले की सरपंचाची झोप उडते, कारण ते वर्तमानपत्रात तालुकावार छापून येते. आमच्याकडच्या सरपंचाला जी शिस्त आपण लावली आहे, ती कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या क्रूझ कंपनीला का नको?

आता थोडे साथीबद्दल, कारण ती आतून पाहिलेली माणसे मंत्रालयाच्या बैठकीला बोलावली जात नाहीत.

हा विषाणू चिवट आहे. अगदी थोडे कण, वीसेक म्हणा, पोटात गेले तरी पुरतात. लागण झाल्यावर बारा ते अठ्ठेचाळीस तासांत माणूस आडवा होतो आणि एक ते तीन दिवसांत उठतोही. पण बरे वाटल्यावर पुढे दोन आठवडे आणि कधी त्याहून जास्त काळ तो विषाणू बाहेर टाकत राहतो. कोविडनंतर दारोदार लागलेल्या अल्कोहोलच्या सॅनिटायझरला हा फारसा जुमानत नाही. साबण लावून, वाहत्या पाण्याखाली, चोळून हात धुणे, हाच उपाय. नॉर्वेजियन कंपनीच्या जहाजांवर बुफेच्या दाराशी पोरे ‘वॉशी वॉशी’ म्हणत, गात पाहुण्यांच्या हातावर सॅनिटायझर फवारतात. प्रवाशांना गंमत वाटते. मला नेहमी वाटायचे, एवढ्याच उत्साहाने तिथे चार बेसिन बसवली असती तर.

साथीचा इशारा झाला की जहाजाचे रूप तासाभरात पालटते. बुफेवरचे चिमटे आणि मोठे चमचे पाहुण्यांच्या हातून काढून घेतात. आता प्रत्येक घास वाढपी वाढणार. टेबलावरची मीठ-मिरीची भांडी, सॉसच्या बाटल्या, मेनूकार्डे नाहीशी होतात. ग्रंथालयातली पुस्तके, पत्ते, बोर्डवरचे खेळ, मुलांच्या खोलीतले ठोकळे कपाटात जातात. लिफ्टची बटणे, जिन्यांचे कठडे, दाराच्या मुठी, स्वच्छतागृहातले नळ, क्लोरीनचे कडक द्रावण घेऊन पुन्हा पुन्हा पुसायचे. एका दाण्याइतकी जागा सोडायची नाही. मजल्यामजल्यावर क्लोरीनचा वास इतका बसतो की जेवणालाही तोच येतो.

आजाऱ्याच्या केबिनचे काम निराळे. त्यासाठी वेगळा गट, अंगावर झगा, मास्क, दुहेरी हातमोजे. कोणी ओकले तर ओले दिसते तेवढेच पुसून भागत नाही, कारण उलटीचे बारीक तुषार खूप लांब उडतात. आजूबाजूचे सगळे धरायचे. चादरी, टॉवेल झटकायचे नाहीत, जागेवरच पाण्यात विरघळणाऱ्या पिशवीत भरायचे, आणि ती पिशवी न उघडता लाँड्रीच्या यंत्रात जायची. गादी, पडदे, गालिचा यांना वाफ. ज्या पाहुण्याला बाहेर पडायची मनाई, त्याला दारात पातळ भात, टोस्ट, जलसंजीवनी. खिडकी नसलेल्या केबिनमध्ये दोन दिवस बंद राहिलेला माणूस दार उघडल्यावर आपल्याकडे कसा बघतो, हे एकदा पाहिले की लोक आजार का लपवतात ते वेगळे सांगावे लागत नाही.

आणि लपवणे, मंत्रिमहोदय, हेच या रोगाचे खरे दुखणे आहे. क्लोरीन विकत मिळते. ‘मला जुलाब होताहेत’ हे वेळेवर सांगणारा माणूस विकत मिळत नाही.

कर्मचारी का लपवतो, ते आधी पाहा. नियम असा की अन्न हाताळणारा आजारी पडला तर लक्षणे थांबल्यावरही किमान अठ्ठेचाळीस तास त्याने वेगळे राहायचे. इतर खात्यांतल्याने चोवीस तास. नियम अगदी बरोबर आहे. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या जहाजावर फक्त दवाखान्यातूनच द्यायच्या, तोही नियम बरोबर. पण वेटर आणि स्टुअर्ड यांच्या कमाईत टिपेचा वाटा मोठा असतो. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार भारताने २०१५ मध्ये मान्य केला, त्यामुळे आजारपणात पगार मिळतो. टिपेचे मात्र कोणी बोलत नाही. शिवाय सफरीच्या शेवटच्या दोन दिवसांत पाहुणे टिपा देतात. नेमके तेव्हाच केबिनमध्ये पडून राहणे कोणाला परवडेल? वर सुपरवायझरच्या मनात नोंद, की हा पोरगा नाजूक आहे, पुढचे कॉन्ट्रॅक्ट बघू. म्हणून सामानात घरून आणलेल्या गोळ्यांची पाकिटे असतात. माझ्याबरोबर एका जहाजावर मडगावचा एक वाढपी होता, हुशार, चार भाषा बोलणारा. त्याने गोळ्या खाऊन दोन पाळ्या काढल्या आणि तिसऱ्या पाळीत जेवणाच्या दालनातच कोसळला. कंपनीने त्याला शिस्तभंगाची नोटीस दिली. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या आम्हा सगळ्यांना त्या दिवशी एक धडा मिळाला, पण कंपनीला अपेक्षित होता तो नव्हे: पुढच्या वेळी गोळ्या जास्त आणायच्या.

प्रवासी का लपवतो? भाडे बुडेल म्हणून. जहाजावर चढताना आरोग्याचा फॉर्म असतो, गेल्या दोन-तीन दिवसांत उलटी-जुलाब झाले का. वर्षभर पैसे साठवून, आईवडिलांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला बारा माणसांचे कुटुंब घेऊन निघालेला माणूस त्यावर ‘होय’ लिहील, अशी अपेक्षा ठेवणारा माणूस फॉर्म छापणाऱ्या खात्यातच असू शकतो. जहाजावरच्या डॉक्टरची फी अव्वाच्या सव्वा, हे दुसरे कारण.

कंपनी लपवते तेव्हा मात्र ते कारस्थान असते. जून २०१३ मध्ये अलास्कातल्या स्कॅगवे बंदरात सिल्व्हरसी कंपनीच्या ‘सिल्व्हर शॅडो’ या महागड्या जहाजावर सीडीसीचे अधिकारी न सांगता चढले. त्यांना आढळले की कच्चे मांस, दूध, चीज, भाज्या, शिजवलेले पदार्थ यांनी भरलेल्या पंधराहून अधिक ट्रॉल्या भटारखान्यातून हलवून आचाऱ्यांच्या झोपण्याच्या केबिनांत दडवल्या होत्या, तपासणीत सापडू नयेत म्हणून. दोघा-तिघांच्या त्या खुराड्यात आधीच पाय ठेवायला जागा नसते. त्यात मांसाची ट्रॉली. जहाजाला ८२ गुण मिळाले. तपासणीआधी जहाजावर काम केलेल्या माणसांनीच ही रीत बाहेर कळवली होती. म्हणजे अमेरिकेची व्यवस्था अधिकाऱ्यांच्या हुशारीवर जेवढी चालते तेवढीच, खालच्या माणसाने तोंड उघडण्यावर चालते.

आता आपल्याकडचे पाहू. बंदरावरचे आरोग्य अधिकारी आपल्या खात्याचे नाहीत, ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचे. त्यांच्या हातात १९५५ चे भारतीय बंदर आरोग्य नियम आणि २००५ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीतले, सहा महिने चालणारे जहाज-स्वच्छता प्रमाणपत्र. हे सगळे रचले गेले ते परदेशाहून येणाऱ्या जहाजाने प्लेग, पटकी, पीतज्वर बंदरात उतरवू नये म्हणून. मुंबईहून शुक्रवारी निघून रविवारी परतणाऱ्या, आत वाढदिवस आणि डीजे चाललेल्या जहाजाचा विचार त्यात नाही.

आणि इथे मुंबई–गोवा सफरीची एक अडचण आहे, जी अमेरिकेची नक्कल करून सुटणार नाही. त्यांच्या जाहीर तक्त्यात तीन ते एकवीस दिवसांच्या सफरीच येतात. आपल्या पुष्कळ सफरी दोन रात्रींच्या. शनिवारी रात्री बुफेवर विषाणू पोटात गेला तर माणूस सोमवारी आजारी पडणार, जहाजावर नव्हे, ठाण्याच्या किंवा चिंचवडच्या घरी. त्याचा फॅमिली डॉक्टर म्हणणार, बाहेरचे खाल्ले असेल. जहाजाच्या दवाखान्याची वही कोरी, कंपनीचे रेकॉर्ड स्वच्छ, आणि तोवर त्याच केबिनमध्ये पुढच्या फेरीची माणसे झोपून उठली. कोरी वही पाहून आपले अधिकारी समाधान मानतील. मला तिच्यावर अजिबात भरवसा वाटत नाही.

म्हणून मागणे असे. सफर संपल्यावर तिसऱ्या दिवशी प्रत्येक प्रवाशाच्या मोबाइलवर एक संदेश जावा: उलटी-जुलाब झाले का, कधी सुरू झाले. उत्तर कंपनीकडे जाऊ नये, थेट बंदर आरोग्य अधिकाऱ्याकडे जावे. तिकिटाबरोबर नंबर असतोच. जाहिराती पाठवायला कंपन्या तो वापरतातच. देशात एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम दोन दशके चालू आहे, जिल्ह्याजिल्ह्यातल्या जुलाबाच्या साथी त्यात आठवड्याला नोंदवल्या जातात. त्या यादीत जिल्ह्यांच्या शेजारी जहाजांनाही एक ओळ मिळावी.

न सांगता होणारी तपासणी वर्षातून दोनदा, गुण जाहीर, आणि तिकिटाच्या पानावर भाड्याइतक्याच मोठ्या अक्षरांत. तपासणीचा खर्च सरकारने करू नये. अमेरिकेत जहाजाच्या टनेजप्रमाणे कंपन्या शुल्क भरतात, इथेही भराव्यात. तपासणारे अधिकारी मात्र आरोग्य खात्याचेच असावेत. प्रवासी वाढवण्याचे उद्दिष्ट ज्या खात्याला दिले आहे त्यालाच प्रवासी घटवू शकणारा अहवाल लिहायला सांगू नये. हे आपल्यावर अविश्वास म्हणून लिहीत नाही. कोणत्याही मंत्र्याला ही अडचण होईल.

आणि जे काही कराल ते नियमात घाला, परिपत्रकात नको. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेत मोठी कर्मचारी कपात झाली, तेव्हा याच जहाज-स्वच्छता कार्यक्रमातल्या पूर्णवेळ कर्मचाऱ्यांना काढल्याच्या बातम्या आल्या. कार्यक्रमाचा खर्च करदात्यांच्या पैशातून नव्हे, कंपन्यांच्या शुल्कातून निघतो, तरीही. पन्नास वर्षे जुने काम गणवेशातल्या मोजक्या अधिकाऱ्यांवर आले. कागदावर न बसवलेली गोष्ट आपल्याकडे किती टिकेल, हे मी सांगायला नको.

प्रवाशासाठी दोन गोष्टी. चढण्याआधी जो खरे सांगेल त्याचे भाडे परत किंवा दुसरी तारीख, दंड न लावता. आणि जहाजावर उलटी-जुलाबाची तपासणी व औषध मोफत. कंपन्या ओरडतील की लोक खोटे आजार सांगून पैसे उकळतील. काही उकळतीलही. पण एक सफर अर्ध्यात सोडून सगळ्यांचे भाडे परत करण्यापेक्षा ते स्वस्त पडते. ‘ओएसिस’च्या मालकांना विचारून पाहावे.

यांतल्या पुष्कळ गोष्टींना समिती नेमावी लागेल, आरोग्य मंत्रालयाशी पत्रव्यवहार होईल, कंपन्यांच्या संघटना वेळ मागतील, हे मी जाणतो. एका गोष्टीला मात्र समिती लागत नाही. भारतीय बंदरातून क्रूझ चालवण्याची परवानगी देताना एक अट घाला: उलटी-जुलाब स्वतःहून कळवून वेगळे राहिलेल्या कर्मचाऱ्याला त्या दिवसांचा पगार तर मिळेलच, शिवाय त्याच्या खात्यातल्या इतरांच्या सरासरीइतकी टिपही कंपनी देईल, आणि त्या कारणाने त्याचे कॉन्ट्रॅक्ट अडवले जाणार नाही. नौवहन महासंचालनालय मुंबईतच आहे, तिथे हे एका पानात लिहून होईल. पावसाळा संपला की जहाजे परत येतात आणि भरती सुरू होते. माझ्या वाडीतली पोरे यंदा मेडिकल करून तयार बसली आहेत. त्यांच्या बॅगा भरायच्या आत ते पान निघावे, एवढी विनंती.

कळावे,

आपला,
क्रूझ जहाजावरचा एक निवृत्त हाऊसकीपिंग सुपरवायझर
वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग